फ्रेंच-कॅनेडियन पूर्वजांवरून कॅनडाचं नागरिकत्व: आडनावांचा गुंता आणि लागणारे कागद

कॅनडाचं नागरिकत्व वंशाने मिळायचं ते परदेशात जन्मलेल्या पहिल्या पिढीपुरतंच. १५ डिसेंबर २०२५ पासून ही मर्यादा त्या तारखेआधी जन्मलेल्यांसाठी उठली. पणजी कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्विबेक प्रांतात जन्मली आणि पुढच्या पिढ्या अमेरिकेत वाढल्या, तरी पणतूला हक्क सांगता येतो. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी मात्र अट आहे: आई किंवा वडील परदेशात जन्मलेले असतील, तर मुलाच्या जन्माआधी त्यांचं कॅनडात एकूण १,०९५ दिवस वास्तव्य झालेलं असावं लागतं.

याचा मोठा लाभ अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या घराण्यांना आहे. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले. लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट इथल्या कापड गिरण्यांनी त्यांतल्या अनेकांना पोसलं. अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरात अशा घराण्यातली सून किंवा जावई असेल, तर मुलांसाठीही हे जरूर तपासा. पूर्वज १९४७ च्या नागरिकत्व कायद्याआधीच देश सोडून गेले, एवढ्यावरून वंशाची साखळी तुटत नाही.

अर्ज असतो तो नागरिकत्वाच्या दाखल्यासाठी. कायद्याने तुम्ही आधीच नागरिक आहात, फक्त ते सिद्ध करायचं आहे. म्हणून भाषेची परीक्षा नाही, शपथ नाही. स्वतःपासून कॅनडात जन्मलेल्या पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचा, आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला लागतो आणि जिथे नाव बदललं तिथे विवाहाचा किंवा नावबदलाचा कागद. संकेतस्थळावरून उतरवलेला वंशवृक्ष पुरावा म्हणून चालत नाही.

खरी अडचण येते ती आडनावांत. क्विबेकमध्ये मूळ आडनावापुढे ‘दी’ (म्हणजे ‘उर्फ’) लावून दुसरं नाव जोडायची रीत होती. १६६५ साली फ्रान्सहून आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतल्या शिपायांची टोपणनावं, गावांची, शेतांची नावं अशी चिकटली. मिव्हिल दी देशेन या घराण्यात पुढे कोणी मिव्हिल राहिले, कोणी देशेन झाले. आपल्याकडे भटांचे पेशवे झाले, तसंच हे. फरक एवढाच, की तिथे सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी सापडतात. अमेरिकेत गेल्यावर काहींनी आडनावाचं भाषांतर केलं: ब्वाव्हेरचे ग्रीनवूड, लब्लाँचे व्हाइट झाले. शिवाय बाप्तिस्म्यात मुलाला जोसेफ आणि मुलीला मारी हे नाव बहुधा असायचंच, रोजचं नाव सहसा शेवटी. ‘जोसेफ लुई आंत्वान’ घरीदारी आंत्वान असतो, हे ध्यानात नसेल तर हवी ती नोंद समोर असूनही हातची जाते.

म्हणून शोध विवाहनोंदीपासून सुरू करा, असं मी आग्रहाने सांगेन. क्विबेकच्या कॅथलिक विवाहनोंदीत वधू-वर दोघांच्या आईवडिलांची नावं असतात आणि स्त्रियांची नोंद माहेरच्या आडनावानेच होते. एका कागदावरून दोन्ही बाजूंची पिढी वर चढता येते. १९८१ पासून तर क्विबेकच्या कायद्यानेच विवाहित स्त्रीचं जन्माचं नाव कायम राहतं.

जुन्या काळी चर्चची नोंद हीच सरकारी नोंद होती. १६७९ पासून तिच्या दोन प्रती ठेवल्या जात, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयाकडे. साधारण शंभर वर्षांपेक्षा जुन्या नोंदींच्या प्रमाणित प्रती क्विबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराकडून मिळतात. त्याहून अलीकडच्या नोंदी क्विबेकच्या नागरी नोंदणी संचालकाकडे असतात, आणि तिथे नोंदीत नाव असलेल्यालाच किंवा आपला संबंध दाखवणाऱ्यालाच दाखला देतात. जिवंत आजी-आजोबांचा दाखला त्यांनी स्वतः मागितला तर काम सोपं होतं. क्विबेकचा १ जानेवारी १९९४ पूर्वी दिलेला जन्मदाखला घरात असेल तर तो पुढे करू नका, नवीन मागवा.

शुल्क ७५ कॅनेडियन डॉलर. स्वतःची दोन ओळखपत्रं आणि छायाचित्रं लागतात. फ्रेंच कागदांचं भाषांतर करावं लागत नाही. पिढ्यांमध्ये आडनाव जुळत नसेल तिथे कोणतं नाव कोणत्या नोंदीत आलं आहे हे वर्षासह लिहिलेलं एक पत्र जोडा.