नंबर बंद करायचा की पुढच्याला द्यायचा? अमेरिकी कॉलेजांतील जर्सी-निवृत्तीची पार्श्वभूमी

न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठाचा पिन कोड १३२४४ आहे. त्यातले शेवटचे दोन आकडे विद्यापीठाने मुद्दाम मागून घेतले, कारण ४४ हा तिथल्या फुटबॉल संघाचा मानाचा नंबर. (फुटबॉल म्हणजे इथे सर्वत्र अमेरिकी फुटबॉल.) १९५४ ते ५६ या काळात जिम ब्राउन तो घालत असे. पुढे तो एर्नी डेव्हिसला मिळाला. १९६१ साली डेव्हिस हाइझमन करंडक (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला आणि दोनच वर्षांनी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच्यानंतर फ्लॉइड लिटलने ४४ घातला. नोव्हेंबर २००५मध्ये विद्यापीठाने हा नंबर समारंभाने निवृत्त केला, म्हणजे यापुढे तो कोणाला द्यायचा नाही असं ठरवलं.

आता जरा उलटा विचार करा. ब्राउनचा पराक्रम पाहून १९५६च्या हंगामानंतर लगेच ४४ बंद केला असता तर डेव्हिसला आणि लिटलला तो मिळालाच नसता. तीन मोठे खेळाडू एकामागून एक त्याच नंबरात खेळले म्हणून तर ४४चं नाव झालं. कॉलेजातला खेळाडू तीन-चार वर्षांत जातो आणि संघ मात्र राहतो. म्हणून व्यावसायिक क्लबांची रीत कॉलेजांना जशीच्या तशी लागू पडत नाही.

सुरुवातीला पाठीवरचा आकडा प्रेक्षकांच्या सोयीसाठी होता. कॉलेज फुटबॉलमध्ये त्याची सुरुवात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९०८च्या संघापासून झाली असं मानतात. पुढे-मागे दोन्हीकडे नंबर सक्तीचा झाला तो १९३७मध्ये. त्याच्या बऱ्याच आधी, १९२५ साली, इलिनॉय विद्यापीठाने रेड ग्रेंजचा ७७ बंद केला होता. व्यावसायिक खेळात ही प्रथा त्यानंतर आली आणि तीही दुखापत-आजारपणातून. टोरंटोच्या आइस हॉकी संघाने १९३४मध्ये एस बेलीचा ६ थांबवला, कारण डोक्याला मार लागून त्याचा खेळ कायमचा संपला होता. बेसबॉलमध्ये लू गेरिगचा ४ बंद झाला तोही त्याला असाध्य आजार जडल्यावर. ग्रेंज मात्र धडधाकट होता. कॉलेजचा शेवटचा सामना खेळून तो काही दिवसांतच शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाकडून मैदानात उतरला.

पहिली काही दशकं निकष असा नव्हताच. भावना अनावर झाली की नंबर बंद. आयोवाने २४ ठेवून दिला तो नाइल किनिकसाठी. १९३९चा हा हाइझमन विजेता १९४३मध्ये नौदलाच्या प्रशिक्षण-उड्डाणात मरण पावला. जॉर्जिया विद्यापीठाने थेरॉन सॅपचा ४० निवृत्त केला तो मुख्यतः एका टचडाउनसाठी (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण). जॉर्जिया टेककडून ओळीने आठ वर्षं हरल्यानंतर १९५७चा सामना ७-० असा जिंकला आणि त्यातला एकमेव टचडाउन सॅपचा होता. त्या गावातला आनंद समजू शकतो. पण अशा निर्णयांचं ओझं पुढच्या प्रत्येक संघावर येतं.

हे ओझं शब्दशः मोजता येतं. फुटबॉलमध्ये ० ते ९९ असे शंभर नंबर असतात. त्यातल्या शून्याला परवानगी मिळाली २०२०मध्ये. मोठ्या विद्यापीठांच्या संघात २०२५पासून कमाल १०५ खेळाडूंची मर्यादा आली; त्याआधी ८५ शिष्यवृत्तीधारक आणि वर बिनशिष्यवृत्तीचे मिळून संख्या याहूनही पुढे जाई. म्हणजे एकही नंबर बंद नसला तरी काही नंबर दोघांना द्यावेच लागतात. नियम दोघांपर्यंत चालवून घेतो, पण ते दोघे एकाच वेळी मैदानात नकोत. म्हणून एक आक्रमणातला आणि एक बचावातला अशी जोडी लावतात. गोंधळ होतो तो किकच्या वेळी, कारण त्या तुकडीत दोन्ही बाजूंचे खेळाडू मिसळलेले असतात. एकाच नंबराचे दोघे एकदम उतरले तर दंड होतो, म्हणून एकाला जर्सी बदलायला लावतात. थोडक्यात, एक नंबर बंद म्हणजे दोन जागा कमी.

शिवाय सगळे नंबर सारखे नसतात. १९६०च्या दशकापासून आक्रमणाच्या मधल्या फळीतल्या पाच जणांना ५० ते ७९ मधलाच नंबर घ्यावा लागतो. त्या तीस आकड्यांवर बचावातल्या खेळाडूंचाही डोळा असतो. तिथला एखादा बंद केला की चिमटा जास्त बसतो. लहान आकडेही सुटत नाहीत. मिशिगनने ११ निवृत्त केला तो व्हिस्टर्ट भावांसाठी. तिघेही वेगवेगळ्या काळात टॅकल (फळीतली एक जागा) म्हणून ११ घालून खेळले. आजच्या नियमाने आक्रमणातल्या टॅकलला तो नंबर मिळूच शकत नाही. त्यामुळे बंद राहिल्याची झळ बसते ती चेंडू झेलणाऱ्यांना आणि क्वार्टरबॅकना (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्यांना), कारण त्यांना असे लहान आकडे हवे असतात.

बास्केटबॉलची तंगी निराळी होती. पंच बोटांनी नंबर दाखवून नोंद करणाऱ्याला कळवतात. एका हाताला पाच बोटं, म्हणून ६ ते ९ हे अंक वर्ज्य. ०, ००, १ ते ५, १० ते १५ असं करत ५५पर्यंत एकूण ३७ नंबर उरत, आणि त्यातही ० व ०० एकाच संघात चालत नसत. ड्यूक विद्यापीठाच्या पुरुष संघाने तेरा नंबर निवृत्त केले आहेत आणि ते सगळेच या ३७ मधले. २०२३-२४च्या हंगामापासून ९९पर्यंतचे आकडे खुले झाले, म्हणून ही अडचण आता उरलेली नाही.

यातूनच कॉलेजांनी दोन गोष्टी वेगळ्या करायला सुरुवात केली. एक, जर्सीचा सन्मान: ती छताला टांगायची, नंबर मात्र वापरात ठेवायचा. दुसरी, नंबरच कायमचा बंद. कॅन्सस पहिल्या वाटेने जातं; विल्ट चेंबरलेनची १३ नंबरची जर्सी १९९८मध्ये समारंभाने वर चढली. नॉर्थ कॅरोलिना दोन्ही करतं, आणि तिथली रेघ मला सगळ्यांत स्वच्छ वाटते. नंबर बंद व्हायला ठरावीक राष्ट्रीय पुरस्कारांपैकी वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा एक तरी मिळालेला हवा. त्याखालच्या यशाला जर्सीचा सन्मान. या कसोटीला पुरुष बास्केटबॉलमध्ये आठ जण उतरले, मायकल जॉर्डनचा २३ त्यातलाच. आठांपैकी जॅक कॉबच्या जर्सीवर नंबरच नाही, कारण तो खेळला त्या काळात नंबर नव्हते. कनेक्टिकटने निकष ठेवला तो नेस्मिथ हॉल ऑफ फेममधल्या (बास्केटबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीतल्या) प्रवेशाचा, म्हणून त्यांचे पहिले नंबर थेट २०१९मध्ये निवृत्त झाले: रे ॲलनचा ३४ आणि रिबेका लोबोचा ५०. हा निकष मला पटत नाही. त्यात कॉलेजनंतरची व्यावसायिक कारकीर्दही मोजली जाते, आणि कॉलेजच्या नंबराशी तिचा संबंध नाही.

एकदा बंद केलेला नंबर उघडणं सर्वांत अवघड. मिशिगनने २०११पासून ‘लेजंड्स’ योजना आणली. जुने नंबर निवडक खेळाडूंना द्यायचे आणि छातीवर मूळ मानकऱ्याच्या नावाचा बिल्ला शिवायचा. २०१३मध्ये क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर टॉम हार्मनचा ९८ घालून खेळला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांचा ४८सुद्धा पुन्हा मैदानात आला. पण २०१५मध्ये योजना गुंडाळली आणि ते नंबर परत बंद झाले. खेळाडूने स्वतः दिलेली परवानगी अधिक टिकते. क्लेमसनमध्ये डेशॉन वॉटसनने ४ घातला तो स्टीव्ह फुलरच्या संमतीने, आणि २०२२मध्ये सदर्न कॅलिफोर्नियात जॉर्डन ॲडिसनने ३ घातला तो कार्सन पामरच्या संमतीने.

नंबरात पैसाही आहे. दुकानात विकायच्या जर्सीवर खेळाडूचं नाव नसे, नुसता नंबर असे. कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक. बास्केटबॉलपटू एड ओबॅननचा ३१ यूसीएलएने (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) १९९६मध्ये निवृत्त केला. व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच, त्याच नंबराचा खेळाडू दिसल्यावर २००९मध्ये त्याने कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेवर दावा लावला. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नाव-प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली, तेव्हापासून नंबर हा त्यांच्या ओळखीचा भाग झाला आहे. त्यात कॉलेज बदलणंही सोपं झालं. एकच हंगाम खेळून गेलेल्याचा नंबर बंद करायचा का, हा प्रश्न आता खरोखर समोर येतो.

आपल्याकडे सचिन तेंडुलकरचा १० आठवेल. २०१७मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने तो घातला तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्याने पुढे ५४ घेतला. पण पंधरा-वीस जणांच्या संघाला एक नंबर गेल्याने काही अडत नाही, १०५ जणांच्या संघाला अडतं.

म्हणून आज निर्णय घेणाऱ्या कॉलेजाने ठरावात काही गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात. जर्सीचा सन्मान होतोय की नंबर बंद होतोय. पदवीची अट आहे का. ड्यूकमध्ये ती आहे. सध्या तो नंबर घालणाऱ्याचं काय. यूसीएलएने २०१४मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी ४२ सर्व खेळांत बंद केला, तेव्हा घालणाऱ्यांना तो पुढे चालू ठेवू दिला. (रॉबिन्सनने तिथे ४२ कधी घातलाच नव्हता, तो त्याचा पुढे ब्रुकलिनच्या व्यावसायिक बेसबॉल संघातला नंबर.) पुढे मान काढून घेण्याची वेळ आली तर कोणी ठरवायचं, सदर्न कॅलिफोर्नियाच्या रेजी बुशच्या प्रकरणाने ते शिकवलं. नियमबाह्य लाभ घेतल्याच्या ठपक्यावरून २०१०मध्ये त्याने हाइझमन सोडून दिला आणि २०२४मध्ये तो त्याला पुन्हा मिळाला. खेळाडू गेल्यावर किमान पाच वर्षं थांबावं असं मला वाटतं.

याहून चांगली वाट मिसिसिपी विद्यापीठात दिसते. २८ ऑक्टोबर १९८९ला चकी मलिन्स प्रतिस्पर्ध्याला पाडताना मानेपासून खाली लुळा झाला आणि १९९१मध्ये गेला. त्याचा ३८ दर वर्षी बचावातल्या एका ज्येष्ठ खेळाडूला त्याच्या नावाच्या पुरस्कारासोबत दिला जाई. २००६मध्ये तो नंबर निवृत्त केला. २०१७मध्ये विद्यापीठाने निर्णय फिरवला आणि पुरस्कार मिळवणाऱ्याला ३८ घालण्याची मुभा पुन्हा दिली.