खारफुटी साठवते, शेवाळ नुसतं शोषतं

समुद्री शेवाळाच्या शेतीची बातमी आली की सोबत फोटो हटकून खारफुटीचा. चिखलातून वर आलेली ती मुळं, आणि खाली ओळ: ‘शेवाळ हवेतला कार्बन साठवतं’. फोटोचं एक वेळ चालेल, पण त्या ओळीचा मला आता वीट आलाय.

खारफुटी आपल्याला ठाऊक आहे. पानं-फांद्या पायाशीच पडतात, चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून कुजणं अतिशय सावकाश होतं आणि कार्बन शतकानुशतकं तिथेच गाडला जातो. पुढे चला.

शेवाळाला मुळं नसतात. (ते वनस्पती की आणखी काही, हा वाद शाळेच्या पुस्तकांना लखलाभ.) ते दगडाला किंवा दोरीला धरून राहतं आणि लागेल ते सगळं पाण्यातूनच घेतं. कार्बन गाडायला पायाशी स्वतःचा चिखलच नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्याला कप्पाफायकस नावाचं शेवाळ बांबूच्या तराफ्यांवर लावतात. साधारण दीड महिन्यात काढणी होते. ते वाळवून कारखान्यात जातं, तिथे त्यातून कॅराजीनन हा दाटपणा आणणारा पदार्थ काढतात आणि तो आइस्क्रीममध्ये, टूथपेस्टमध्ये पडतो. तिथून सांडपाण्यात, आणि कुजून पुन्हा हवेत. ऊसही झपाट्याने वाढतो, भरपूर कार्बन डायऑक्साइड ओढतो. म्हणून चहातल्या साखरेवर कुणी कार्बन क्रेडिट, म्हणजे कार्बन कमी केल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, मागतं का? किनाऱ्यावरच्या बायकांच्या हाती चार पैसे येतात म्हणून शेवाळ जरूर लावा. मला ते कारण पुरेसं वाटतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मग खोल समुद्रात बुडवू, कार्बन तिथेच राहील.’ जंगली शेवाळाचा काही भाग आपोआप तसा जातोच. डोर्टे क्राउझे-येन्सेन आणि कार्लोस दुआर्ते या सागरी शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये अंदाज मांडला की जगातलं शेवाळ जेवढा कार्बन वाढीत बांधतं, त्यातला सुमारे 11 टक्के दीर्घकाळ साठून राहतो, तोही बहुतेक खोल समुद्रात. हा हिशेब निसर्गात आपसूक वाढणाऱ्या शेवाळाचा आहे. कापणी करून घरी नेलेल्या पिकाच्या जाहिरातीत तो सर्रास उसना घेतात, याची मला विशेष चीड आहे.

बरं, सगळंच बुडवलं तर? जगात वर्षाला साधारण 3.5 कोटी टन ओलं शेवाळ पिकतं. त्यात बहुतेक पाणीच. सुकवून दहावा हिस्सा उरला असं धरू. त्यात ढोबळमानाने तीस टक्के कार्बन, म्हणजे दहा लाख टनांच्या आसपास. ऑक्सिजनचं वजन धरून, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत 38 लाख टन. कोळसा, तेल आणि वायू जाळून जग एवढा कार्बन डायऑक्साइड तासाभरात सोडतं.

त्याहून मोठी मेख पुढे आहे. शेवाळ कार्बन हवेतून घेतच नाही, पाण्यात विरघळलेला घेतं. पाण्यात पडलेली ती तूट हवेतून भरून निघाली, तरच हवेतला कार्बन कमी झाला. या भरपाईला महिनेच्या महिने, कधी वर्षही लागतं. तेवढ्यात ते पाणी प्रवाहाबरोबर खाली गेलं की हवेला पत्ताही लागत नाही. शिवाय पाण्यातली पोषकद्रव्यं शेवाळाने खाल्ली, तर तीच खाऊन वाढणारे सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतीसारखे बारीक जीव, तेवढे कमी वाढतात. त्यांनी ओढला असता तो कार्बनही वजा करायला हवा. तराफ्यावरचं शेवाळ तागडीत घालून मोजता येतं, ही तूट कशी मोजणार?

अमेरिकेतल्या मेन राज्यातली रनिंग टाइड ही कंपनी शेवाळ वाढवून बुडवायचं म्हणत निघाली होती. आइसलँडजवळच्या समुद्रात तिने प्रत्यक्ष ओतला तो मुख्यतः लाकडाचा भुसा आणि तुकडे. 2024 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.