पहिल्या भेटीपूर्वी वाचावे : दमवल्याने पिल्लू शांत का होत नाही

आम्ही घरी येऊन कुत्र्याच्या पिल्लांना शिकवतो. आमच्याकडे येणारे बहुतेक दूरध्वनी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत येतात आणि त्यांतील तक्रार जवळजवळ सारखीच असते. पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचे आहे, सकाळी ठीक असते, पण दिवेलागणीनंतर सोफ्यावरून उड्या मारते, पायजम्याला लोंबकळते, मुलांच्या घोट्यांना चावते आणि आवरायला जावे तर अधिकच चेकाळते. त्याला व्यायाम कमी पडतो आहे का, आणखी किती फिरवावे, असे शेवटी विचारले जाते. त्यावर आम्ही उलट विचारतो, की काल दिवस-रात्र मिळून ते किती तास झोपले. या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या घरांतून लगेच मिळते, म्हणून हे माहितीपत्रक छापले आहे.

या वयाच्या पिल्लाला दिवस-रात्र मिळून साधारण १८ ते २० तास झोप लागते. रात्रीचे आठ तास धरले तरी उरलेले दहा-बारा तास दिवसा झाले पाहिजेत, आणि नेमके तेच आपल्या घरांत होत नाही. सकाळी दूधवाला, मग कामाला येणाऱ्या मावशी, दुपारी शाळेतून परतलेली मुले, त्यानंतर कुरिअर, आणि प्रत्येक वेळी घंटी. पिल्लाचा डोळा लागला की कोणीतरी 'किती गोड झोपलंय' म्हणत त्याच्या पोटावरून हात फिरवतो आणि ते उठते. लग्नघरात रात्री दहा वाजता मांडवभर धावणारे, विनाकारण खिदळणारे आणि मध्येच भोकाड पसरणारे तीन वर्षांचे मूल पाहून कोणतीही आजी 'त्याला अजून पळवा' असे म्हणत नाही. झोप अनावर झाली आहे हे ओळखून ती त्याला मांडीवर घेते. संध्याकाळी सात वाजता आपल्या घोट्याला चावणारे पिल्लू बहुतेक वेळा याच अवस्थेत असते.

आता ज्या एका चुकीमुळे आमचा आणि आपला सर्वांत अधिक वेळ जातो, तिच्याविषयी. पिल्लाच्या अंगात 'एनर्जी फार आहे' असे समजून त्याला पार्किंगमध्ये नेऊन तासभर चेंडू फेकला जातो. चेंडूमागे धावण्याच्या उत्तेजनेत रक्तात उतरलेली ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके खेळ थांबला म्हणून लगेच ओसरत नाहीत. पाय थकतात, परंतु डोके चढलेलेच राहते. त्यामुळे घरी आलेले पिल्लू आडवे होण्याऐवजी गालिचा कुरतडू लागते, आणि घरच्यांना वाटते की अजून कमी पडले. दुसऱ्या दिवशी दीड तास चेंडू होतो. महिनाभरात आपण एक उत्तम धावपटू तयार केलेला असतो, ज्याला दमवायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो आणि ज्याला थांबता येत नाही. अशा घरी आमच्या पहिल्या दोन-तीन भेटी नवे काही शिकवण्यात न जाता चेंडूचे वेड उतरवण्यात जातात. त्या भेटींचे शुल्क आपण देता, हे लक्षात घेऊनच आम्ही ही गोष्ट इतक्या आग्रहाने आधी सांगत आहोत. वाढत्या सांध्यांवर सततच्या उड्या आणि झपाट्याने घेतलेल्या वळणांचा ताण पडतो, हे आणखी एक कारण.

या कारणास्तव आम्ही पहिल्या भेटीपूर्वी पाच दिवसांची झोपेची नोंद मागतो. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकोनात पेन्सिलीने वेळा टिपल्या तरी पुरे. काही ग्राहकांना हा उपद्व्याप वाटतो. परंतु एका घरी आठवडाभर 'हे पिल्लू झोपतच नाही' असे सांगितले जात होते. नोंद ठेवल्यावर पिल्लासाठी अंथरलेली गादी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात असल्याचे घरच्यांच्याच लक्षात आले. ती आतल्या खोलीत हलवल्यानंतर त्यांना आमची गरज निम्म्याने उरली, आणि हे सांगताना आम्हाला कमीपणा वाटत नाही.

विश्रांतीची जागा रहदारीपासून दूर, अर्धवट अंधाराची आणि पंख्याखाली असावी. क्रेट (पिल्लाचा पिंजरा) किंवा जाळीचे कुंपण वापरण्यास हरकत नाही, मात्र शिक्षा म्हणून पिल्लाला तेथे कधीही कोंडू नये. लहान पिल्लासाठी साधारण एक तास जाग आणि त्यानंतर दीड-दोन तास विश्रांती हा क्रम बहुतेक घरांत बसतो. झोपण्यापूर्वी चघळण्यासाठी काहीतरी द्यावे, कारण चघळणे, चाटणे आणि हुंगणे या तिन्ही क्रियांनी कुत्र्याचे चित्त आपोआप खाली उतरते. गाजराचा जाड तुकडा किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेले कोरडे खाद्य चालते. छुर्पी (चघळायचे टणक चीज) दिल्यास जवळ बसून लक्ष ठेवावे. दुधाचे २८ दात पडून ४२ कायमचे दात येण्याचा काळ साधारण चौथ्या ते सातव्या महिन्याचा असतो, त्यामुळे त्या दिवसांत चघळण्याची गरज वाढते, ही तक्रारीची बाब नव्हे.

शांत होणे शिकवायचे म्हणजे पिल्लाला सतत शांत ठेवायचे, असा आमचा अर्थ नाही. उत्तेजित होऊन पुन्हा स्वतःहून खाली येण्याची सवय त्याला लावायची असते. त्यासाठी दोरीची ओढाओढ अर्धा मिनिट खेळावी, दोरी ढिली सोडून स्वतः स्तब्ध उभे राहावे, आणि जमिनीवर खाद्याचे दहा-बारा दाणे विखरून पिल्लाला ते हुंगत शोधू द्यावेत. त्याचा श्वास संथ झाला की पुन्हा अर्धा मिनिट खेळ. याखेरीज दिवसभराच्या खाद्यातील मूठभर दाणे एका वाटीत बाजूला ठेवावेत आणि पिल्लू कोणीही न सांगता आडवे झालेले दिसले की एक दाणा त्याच्या पुढच्या पंजांमध्ये हळूच ठेवून निघून जावे. 'शाब्बास' असे मोठ्याने म्हणू नये, ते उठून उडी मारील आणि आपण उडीलाच बक्षीस दिल्यासारखे होईल. ही कृती इतकी साधी आहे की ती करून पाहण्याआधीच सोडून दिली जाते.

ओरडून किंवा नाकावर चापट मारूनही पिल्लू थांबते, हे खरे आहे. परंतु गप्प बसणे आणि शांत होणे यांत फरक आहे. गप्प बसवलेल्या पिल्लाचे अंग ताठ असते, ते वारंवार ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभया देते आणि डोळ्यांचा पांढरा भाग दाखवीत दुसरीकडे पाहते. शांत पिल्लू एका कुशीवर सैल पडते. चोक चेन (ओढताच गळ्याभोवती आवळणारी साखळी) आम्ही वापरत नाही आणि आपल्या घरी असल्यास पहिल्याच दिवशी काढून ठेवण्याची विनंती करतो.

आमच्या फलकावरील 'होलिस्टिक' हा शब्द वाचून तेल, अर्क किंवा शांत करणारे सिरप मागणारे ग्राहक येतात. यांपैकी काहीही आम्ही विकत नाही. या शब्दाने आम्हाला झोप, पोट, त्वचा, चघळणे, हुंगणे आणि घरातील माणसांचे वागणे यांचा एकत्र विचार अभिप्रेत आहे. दूध-पोळी खाऊन पोट बिघडलेले, जंत झालेले किंवा कान खाजवणारे पिल्लू स्वस्थ बसू शकत नाही. अशा वेळी आम्ही भेट पुढे ढकलून आधी पशुवैद्यांकडे जाण्यास सांगतो.

एवढे झोपवल्यावर पिल्लू जग केव्हा पाहणार, ही शंका रास्त आहे, कारण नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच असतो. सर्व लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवणे त्यामुळे महागात पडते. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकेतील संघटनेने तर, पहिल्या लशीला किमान ७ दिवस झाले असल्यास ७-८ आठवड्यांच्या पिल्लाला प्रशिक्षणाच्या वर्गात आणता येते, असे मत दिले आहे. आपल्याकडे पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचा धोका लक्षात घेऊन भटकी कुत्री वावरतात तेथे पिल्लाला जमिनीवर ठेवू नये. त्याला कडेवर घेऊन सोसायटीच्या फाटकाशी दहा मिनिटे बसावे, रिक्षा, पीएमपीच्या बसगाड्या आणि शाळेची मुले पाहू द्यावीत, आणि परत आणून झोपवावे. पुण्यात पावसाळ्यात पिल्लू आणणाऱ्यांनी हे टाळू नये, कारण गणपतीच्या काही आठवडे आधीपासून नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो आणि तो दुरून, पिल्लू खाणे घेऊ शकेल इतक्या अंतरावरून ऐकवणे मिरवणुकीच्या दिवशी उपयोगी पडते.

पिल्लाला महिनाभर आमच्याकडे ठेवून 'तयार' करून देण्याची सेवा आम्ही देत नाही. आमच्या जागेत शिकलेली शांतता आपल्या घंटीच्या आणि आपल्या नातवंडांच्या घरात तशीच उतरत नाही. त्यामुळे आम्ही आपल्या घरी येतो, शक्य तितक्या सर्व माणसांनी हजर राहावे असे सुचवतो, आणि पहिल्या भेटीचा बराच वेळ जमिनीवर बसून नुसते पाहतो. हे पाहून 'तुम्ही तर काहीच केले नाही' असे आम्हाला ऐकवले गेले आहे. त्या वेळात पिल्लू कोणाच्या पावलांनी उठते आणि कोणाजवळ सैलावते हे आम्ही टिपत असतो, आणि पुढील भेटींचा आराखडा त्यावरूनच ठरतो.

भेटीसाठी शक्यतो सकाळची वेळ मागून घ्यावी. आम्ही घंटी वाजवत नाही, खाली आल्यावर फोन करतो. त्या वेळी पिल्लू झोपलेले असल्यास त्याला उठवू नये. ते उठेपर्यंत आम्ही थांबू आणि त्या थांबण्याचे शुल्क घेणार नाही.