पार्श्वभूमी : म्युझिक प्लेअरची निवड आणि ‘एमपी४’चा घोळ

आवाज ऐकून प्लेअर घेतला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात २००३ ते २०१० या काळात पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलेल्या गिऱ्हाइकाला आवाज ऐकायला मिळायचाच असं नाही. प्लेअर खोक्यात, खोका काचेमागे, आणि दुकानदाराने खोका उघडलाच तर आत दोन नमुन्याची गाणी. ब्रँड ठरायचा तो दुसऱ्याच प्रश्नावर : यात गाणी भरायची कशी, आणि कुणाच्या कॉम्प्युटरवरून?

कॅसेटच्या काळात हा प्रश्न नव्हता. जुलै १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन जपानात ३३,००० येनला विक्रीला आला, तेव्हापासून कॅसेट कुठल्याही कंपनीची आणि वॉकमन कुठल्याही कंपनीचा, जोडी जमायचीच. फरक उरायचा तो यंत्रात. दोन पेन्सिल सेल किती दिवस पुरतात, फीत गुंतते का, रबरी पट्टा सैल पडून सूर लोळू लागतात का, एवढंच बघायचं. ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘वॉकमन’ हे सामान्यनाम झाल्याचं मान्य केलं. आपल्याकडे त्यासाठी निकालाची गरज नव्हती, फुटपाथवरचा बेनामी डबाही वॉकमनच होता. सीडी आणि मिनिडिस्कचा टप्पा इथे सोडून देऊ. मिनिडिस्क भारतात मूठभर हौशींपलीकडे गेलीच नाही.

घोळ सुरू झाला १९९८ मध्ये. कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतला रिओ पीएमपी३०० हे एमपी३ प्लेअर, म्हणजे आकार कमी करण्यासाठी दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) गाण्यांच्या फाइल वाजवणारे, आणि दोन्ही ३२ एमबीचे. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला इतके किलोबिट, हाच फाइलचा बिटरेट) फाइलला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे आत जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. रिओ विरुद्ध अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि जून १९९९ मध्ये अपिलात हरली. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून फाइल उचलणारं यंत्र डिजिटल रेकॉर्डरच्या कायदेशीर व्याख्येत बसत नाही, असं कोर्टाने ठरवलं. या निकालाने धंदा खुला झाला, पण गाणं आत जाण्याची वाट मात्र प्रत्येक कंपनीने आपापली आखली.

ॲपलने ती वाट आधी वेगवान केली आणि मग तिला फाटक बसवलं. ऑक्टोबर २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ जीबीची १.८ इंची हार्ड डिस्क होती, किंमत ३९९ डॉलर. तेव्हाचं यूएसबी १.१ प्रत्यक्षात सेकंदाला एक एमबीच्या आसपास चालायचं, म्हणजे ५ जीबी भरायला दीड तास. फायरवायर या वेगवान जोडणीवर तेच काम दहा मिनिटांत होतं, असा कंपनीचा दावा होता. मात्र भारतातल्या घरगुती कॉम्प्युटरना फायरवायरचं पोर्ट क्वचितच असायचं. २००३ मध्ये यूएसबी २.० ची केबल आणि आयपॉडमध्ये गाणी भरण्याचा ॲपलचा प्रोग्रॅम आयट्यून्स विंडोजसाठी आला, तेव्हा कुठे आयपॉड इथल्या माणसाच्या कामाचा झाला. त्यातही आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान भारतात उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. म्हणजे परदेशात ज्या सोयीवर आयपॉड विकला गेला ती इथे दशकभर नव्हती, आणि अडचणी मात्र सगळ्या होत्या.

मित्राच्या कॉम्प्युटरला आयपॉड लावला की ‘आधीचं सगळं पुसून याच्याशी जुळवू का?’ असा प्रश्न यायचा. ‘हो’ दाबलं की गाणी गेली. यावर उपाय होता : घरच्या कॉम्प्युटरवर आधीच ‘मॅन्युअली मॅनेज म्युझिक’ला टिक करून ठेवायचं. आतली गाणी परत काढायची तर लपवलेल्या फाइल दाखवायची सोय चालू करून ‘आयपॉड_कंट्रोल’ या फोल्डरमध्ये शिरायचं. तिथे गाण्यांची नावं चार-चार अक्षरांची, निरर्थक. सगळी उचलून आयट्यून्समध्ये टाकली की टॅगवरून (फाइलमध्येच नोंदलेली गाण्याची, गायकाची माहिती) मूळ नावं दिसतात, टॅग धड असतील तरच. सायबर कॅफेत बसून गाणी उतरवणाऱ्या मुलाने हे सारं करावं, ही अपेक्षाच चुकीची होती.

सोनीने याहून मोठी चूक केली. हिच्याबद्दल अजूनही वाद आहे. कंपनीचे हार्ड डिस्कवाले आणि मेमरीवाले प्लेअर एमपी३ थेट वाजवत नसत. सोनिकस्टेज नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक गाणं एट्रॅक या स्वतःच्या प्रकारात बदलून मग आत पाठवायचा. आधीच दाबलेली फाइल पुन्हा दाबली जायची. झांजा, टाळ, तानपुऱ्याची जवारी यांत ते लगेच कळायचं. विंडोज नव्याने टाकलं आणि सोनिकस्टेजचा बॅकअप घेतलेला नसला, तर कॉपी होऊ नये म्हणून कुलूपबंद केलेल्या फाइल कायमच्या बंद. बाजू घेणारे म्हणतात की एट्रॅकमुळे बॅटरी जास्त टिकायची. ते खरंच होतं : २००४ च्या एनडब्ल्यू-एचडी१ या प्लेअरला ३० तास सांगितले होते. पण तो आकडा आणि खोक्यावरची ‘१३,००० गाणी’ हे दोन्ही ४८ केबीपीएसवर धरलेले. त्याच वेळी २० जीबीचा आयपॉड १२८ केबीपीएसवर ५,००० गाणी सांगत होता. खोक्यावरच्या आकड्यांची तुलना करताना बिटरेट न पाहणं ही तेव्हाची सर्वांत नेहमीची फसगत. गाण्यांची कंपनी आणि यंत्रांची कंपनी एकाच छपराखाली असल्याने हे झालं, हे स्पष्टीकरण बहुतेकांना पटतं. २००४ च्या अखेरीस सोनीने एमपी३ ला वाट दिली, तोवर गिऱ्हाईक पांगलं होतं.

या दोघांच्या मधली जागा पेनड्राइव्हसारख्या प्लेअरनी भरली. क्रिएटिव्हचा मुव्हो, ट्रान्सेंड, फिलिप्सचा गोगिअर आणि असंख्य बेनामी. यूएसबीला लावला की ‘रिमूव्हेबल डिस्क’ दिसते, फाइल ओढून टाकायची, संपलं. विंडोज ९८ असलं तरच खोक्यातल्या छोट्या सीडीवरचा ड्रायव्हर लागायचा. याचे दोष ठरलेले होते. स्वस्त प्लेअर गाणी अक्षरक्रमाने वाजवत नसत, ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवत. कारण डिस्कवरच्या फाइलींची नोंद ठेवणाऱ्या एफएटी या पद्धतीच्या यादीत ते वरून खाली वाचत जायचे. क्रम हवा तर फोल्डर रिकामा करून गाणी एकेक करून टाकायची. ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढला की यादीच बिघडायची आणि प्लेअर हँग. मग कॉम्प्युटरमधून फॉरमॅट मारायचा, आणि तो एफएटी किंवा एफएटी३२ मध्येच; एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या पद्धतीत केला तर प्लेअरला काहीच दिसत नाही.

एएए सेलवर चालणाऱ्या प्लेअरना महाराष्ट्रात जादा मागणी का, याचं उत्तर भारनियमनात आहे. यूएसबीने चार्ज होणाऱ्या प्लेअरला कॉम्प्युटर लागतो, कॉम्प्युटरला वीज. भिंतीतले यूएसबी चार्जर तेव्हा घरोघरी नव्हते. सेल मात्र पानाच्या टपरीवरही मिळायचा.

आता ‘एमपी४’. हा शब्द इतक्या लोकांना इतका महागात पडला आहे की तो नीट उलगडायलाच हवा.

एमपी३ मधला ३ हा तिसऱ्या पिढीचा आकडा नाही. एमपेग-१ या मानकात आवाज दाबण्याचे तीन ‘लेअर’ आहेत, त्यातला हा तिसरा. एमपी४ ही त्याची पुढची आवृत्ती नव्हेच. ते एमपेग-४ मानकाच्या चौदाव्या भागातलं एक पुडकं आहे : आत चित्र, आवाज, उपशीर्षकं काहीही बांधता येतं. पण ३ नंतर ४ येतो, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही आणि गिऱ्हाइकालाही. २००५ च्या सुमारास दीड इंची रंगीत पडद्याचे चिनी प्लेअर आले आणि त्यांच्या खोक्यावर ‘एमपी४ प्लेअर’ छापलं गेलं. अर्थ एवढाच की एमपी३ हून जास्त काहीतरी, म्हणजे व्हिडिओ. पुढे मोठा पडदा आला तेव्हा त्याच न्यायाने ‘एमपी५’ही निघाला, त्या नावाचं मानक अस्तित्वातच नाही.

गंमत अशी की यातले बहुतेक प्लेअर एमपी४ फाइल वाजवू शकत नसत. आत जुन्या झेड८० घराण्याचा प्रोसेसर आणि सोबत आवाजापुरता डीएसपी (ध्वनीची आकडेमोड करणारा भाग) असायचा. एमपेग-४ मध्ये एका चित्रावरून पुढचं चित्र रचावं लागतं, ते या चिपच्या आवाक्याबाहेर. म्हणून एएमव्ही नावाचा प्रकार काढला गेला. यात प्रत्येक चित्र जेपेगसारखं स्वतंत्र, सेकंदाला १२ किंवा १६ चित्रं, मोजमाप १६० बाय १२० किंवा १२८ बाय १२८, आवाज एकपदरी (मोनो). गाण्याचा व्हिडिओ बघायचा तर सोबतच्या सीडीवरच्या कन्व्हर्टरमधून आधी एएमव्ही करून घ्यायचा. पडद्याचं माप कन्व्हर्टरमध्ये चुकीचं निवडलं की ‘फॉरमॅट एरर’. सीडी हरवली की व्हिडिओ संपले. उलट २००५ चा व्हिडिओवाला आयपॉड खरोखर एमपी४ वाजवायचा, पण त्याला कुणी एमपी४ प्लेअर म्हणत नसे. त्यामुळे ‘आयपॉड नको, त्यात एमपी४ नाही’ असं म्हणणारं गिऱ्हाईक शब्दांत चूक आणि व्यवहारात बरोबर असायचं : त्याला हवं ते स्वस्तात मिळत होतं, फक्त नाव खोटं होतं.

नावापेक्षा जागेचा आकडा जास्त खोटा. आत २५६ एमबीची चिप, पण ती सांभाळणाऱ्या कंट्रोलरला २ जीबी सांगायला शिकवलेलं. कॉपी करताना काहीच तक्रार येत नाही, यादीत सगळी गाणी दिसतात, वाजवताना पन्नास-साठपर्यंत ठीक आणि मग खरखर किंवा शांतता. खऱ्या जागेपलीकडचं लिखाण हवेत गेलेलं असतं किंवा आधीच्यावर चढलेलं असतं. ओळखायचा मार्ग एकच : प्लेअर काठोकाठ भरायचा, सगळं परत कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि मूळ फाइलशी ताडून पाहायचं. एच२टेस्टडब्ल्यू हा फुकटचा छोटा प्रोग्रॅम हेच काम करतो. जागा खोटी निघाली तर खऱ्या मापाचं विभाजन करून तेवढीच वापरता येते.

तिसरा धोका फर्मवेअरचा, म्हणजे प्लेअर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्लेअरमध्ये पडदा आणि मेमरीची चिप वेगवेगळी असू शकते. शेजाऱ्याच्या सीडीवरचं फर्मवेअर टाकलं की पडदा पांढरा पडतो किंवा उलटा दिसतो, कधी प्लेअर कायमचा जातो. मागे कंपनी नसते, त्यामुळे योग्य फाइल मागायची कुणाकडे हा प्रश्नच. माझ्या मते ब्रँडला जादा पैसे मोजण्याचं त्या काळातलं खरं कारण हे एवढंच होतं. आवाजातला फरक चांगले इअरफोन लावले की बराच मिटायचा.

मराठी श्रोत्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक होती, आणि परदेशी तुलनांमध्ये तिची दखल सापडत नाही. आयपॉड गाणी टॅगवरून लावतो : गायक, अल्बम, शैली. इथे फिरणाऱ्या फाइलींच्या ‘आर्टिस्ट’च्या रकान्यात फुकट गाण्यांच्या संकेतस्थळाचं नाव भरलेलं असायचं. परिणामी शंभर भावगीतांचा गायक एकच, आणि तोही एक संकेतस्थळ. फोल्डर दाखवणाऱ्या प्लेअरमध्ये ही अडचण नाही : अभंग, नाट्यगीतं, लावण्या असे फोल्डर करा आणि मोकळे व्हा. देवनागरी टॅगची कथा वेगळी. आयडी३ या टॅगच्या मानकाच्या पहिल्या आवृत्तीत रकान्याला ३० बाइट, तेही रोमनसाठी. दुसऱ्या आवृत्तीत देवनागरी बसते, पण स्वस्त प्लेअरच्या फॉण्टमध्ये ती नसायची, म्हणून चौकोन किंवा प्रश्नचिन्हं. काहींत अक्षरं होती तर वेलांटी भलत्या बाजूला. म्हणून जाणकार फाइलीला रोमन नाव आणि पुढे आकडा देत.

तासाभराचा ख्याल किंवा कीर्तन ऐकणाऱ्याने पाहायची गोष्ट म्हणजे बंद केल्यावर गाणं कुठे थांबलं ते प्लेअर लक्षात ठेवतो का. बरेच स्वस्त प्लेअर गाणं लक्षात ठेवत, मिनिट नाही. चाळिसाव्या मिनिटापर्यंत बटण दाबून बसावं लागे. आयट्यून्समध्ये फाइलच्या पर्यायांत ‘रिमेंबर प्लेबॅक पोझिशन’ होतं, आयपॉडची ही बाजू नि:संशय जमेची. एफएम मात्र त्यात २००९ च्या नॅनोपर्यंत नव्हतं, आणि रेडिओशिवाय प्लेअर नको म्हणणारे इथे कमी नव्हते.

पुढे फोनने हा बाजार खाल्ला. २००५ चा सोनी एरिक्सन डब्ल्यू८००, मग नोकियाची एक्सप्रेसम्युझिक मालिका, मग चिनी फोन. मेमरी कार्ड दुकानदाराच्या हातात दिलं की तो थोड्या पैशांत गाणी भरून द्यायचा. गाणी भरण्याचं काम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरलं, आणि ब्रँडचा प्रश्नही त्याबरोबर फोनकडे गेला. २०१७ च्या कारवाँ या सारेगामाच्या रेडिओवजा प्लेअरने तर ५,००० गाणी भरूनच दिली आणि ज्यांना फाइल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्यांनी ती घेतली. मे २०२२ मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉड टच बंद केला.

जुन्यांपैकी अजूनही शोधला जातो तो सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस, २००९ चा. कारण पुन्हा तेच, गाणी ओढून टाकता येतात आणि कार्ड घालता येतं. सेटिंगमध्ये यूएसबी मोड ‘एमएससी’ ठेवला की तो साध्या डिस्कसारखा दिसतो. कंपनी ३२ जीबीपर्यंतचं कार्ड सांगते, पण ६४ चंही चालतं. फक्त ते एक्सएफएटीमध्ये येतं, ते एफएटी३२ करून घ्यावं लागतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या वर तो पर्याय दाखवत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. कार्डात हजारो गाणी असली तर नवी गाणी टाकल्यावर प्लेअर काही मिनिटं यादी ताजी करत बसतो. तेवढ्यात बॅटरी संपू द्यायची नाही.