थ्री-फेजशिवाय कार चार्ज होत नाही?

इलेक्ट्रिक कार घ्यायची तर घरी थ्री-फेज (जास्त भाराची) जोडणी हवीच, हा समज नागपुरात अजूनही घट्ट आहे. तो खरा नाही. मनीषनगरहून हिंगण्याला नोकरीसाठी जाऊन-येऊन, वाटेतली कामे धरून, रोज 40 किलोमीटर धावणाऱ्या लहान कारला सुमारे 7 युनिट लागतात आणि ताशी 3 युनिटच्या आसपास वीज देणारे 15 अँपिअरचे साधे सॉकेट ती भरपाई अडीच तासांत करते. 7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्सही (भिंतीवर बसवायचा चार्जर) सिंगल-फेजवरच, म्हणजे घरातल्या नेहमीच्या जोडणीवरच चालतो. काळजी करायचीच तर वायरिंगची करावी: मीटरपासून थेट आणलेली तांब्याची जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग. (एक्स्टेंशन बोर्डाचे तर नावच नको.) मे महिन्यात एसीसोबत कार लावायची असेल, तर वीजबिलावरचा मंजूर भार (घराला एका वेळी किती वीज वापरण्याची परवानगी आहे तो आकडा) आधी पाहावा.