कॅपखालची काळी रेघ: घाबरण्याआधी हे वाचा

नौपाड्यातल्या आमच्या दातांच्या एक्स-रे सेंटरवर फोटो हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "ही कॅपखालची काळी रेघ म्हणजे कीड का हो?" निदान तुमचे डॉक्टरच करतील. पण रेघ कशाकशाने उमटते, एवढं आम्ही सांगू शकतो.

कॅप ज्याने चिकटवतात ते सिमेंट पांढरं दिसतं ते त्यातल्या जड मूलद्रव्यांमुळे. जुन्या झिंक फॉस्फेटमध्ये जस्त असतं, ते खडूने ओढल्यासारखं ठळक उमटतं. ग्लास आयनोमर हे सिमेंट आलं १९७०च्या दशकात. त्यात किंवा रेझिन सिमेंटमध्ये बेरियम, स्ट्रॉन्शियमची काच असेल तर पांढरं, नसेल तर करडं. हा पांढरेपणा ॲल्युमिनियमशी ताडून मोजतात: १ मिमी डेंटिन (दाताचा आतला थर) साधारण १ मिमी ॲल्युमिनियमइतकं, वरचं कडक आवरण म्हणजे इनॅमल दुपटीच्या आसपास. सिमेंटचा पांढरेपणा डेंटिनपेक्षाही कमी असला तर ते काळपट दिसतं. कीडही काळपटच दिसते. घोळ होतो तो इथे.

आता वयाचं. लाळेत वर्षानुवर्षं राहून काचेतले हे घटक थोडेथोडे झिरपू शकतात आणि पांढरेपणा किंचित उतरू शकतो. पण तो फरक यंत्राने मोजावा इतकाच, नुसत्या डोळ्यांना सहसा कळत नाही. म्हणून जुन्या फोटोत पांढरी असलेली कड आज स्पष्ट काळी दिसत असेल, तर "सिमेंट जुनं झालं असेल" म्हणून सोडून देऊ नका. कडेचं सिमेंट विरघळून गेलेलं असू शकतं, किंवा खाली कीड शिरलेली. धातूच्या आणि झिर्कोनियाच्या (एक प्रकारचं सिरॅमिक) कॅपच्या आतलं तर काहीच दिसत नाही, नुसता पांढरा ठोकळा. कळतं ते कडेवरूनच.

कधी रेघ असतच नाही! लख्ख पांढऱ्या कॅपला लागून डोळ्यांना उगाच काळी किनार भासते. कॅपचा पांढरा भाग कागदाच्या तुकड्याने झाका. रेघ गायब झाली तर तो नजरेचा खेळ.

मागे कळव्याच्या एक आजी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली जुनी फिल्म घेऊन आल्या. सगळी तपकिरी पडलेली. "सिमेंट सडलं का रे माझं?" म्हणाल्या. सिमेंट ठणठणीत होतं. फिल्म धुताना रसायन नीट निघालं नव्हतं, म्हणून फिल्मच म्हातारी झाली होती.

कड बघायची असेल तर ओपीजीवर (सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे) भागत नाही, एक-दोन दातांचा छोटा एक्स-रे म्हणजे आरव्हीजीच लागतो. येताना जुनी मूळ फिल्म आणा, तिचा मोबाईलवर काढलेला फोटो नको. कॅप कोणत्या साली बसवली आणि डॉक्टरांच्या कागदावर सिमेंटचं नाव असेल तर तेही सांगा. जुनी फिल्म लाइट बॉक्सवर लावून नव्या फोटोशेजारी तुम्हाला दाखवू. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.