आवाज वेगळा काढण्यामागची गोष्ट

गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेतलं एखादं भाषण असो की पंचवटीतल्या कीर्तनाची जुनी व्हीसीडी, अनेकदा चित्र नको असतं, फक्त ऐकायचं असतं. मग व्हिडिओतून आवाज तेवढा वेगळा काढावा लागतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ नंतर नाशिकमध्ये काढलेले सुरुवातीचे चित्रपट मुके होते. १९३१ मध्ये भारतात बोलपट आला. फिल्मवर छापलेला आवाज चित्रांच्या कडेनेच, त्याच पट्टीवर धावायचा.

डिजिटल फाइलची रचना निराळी. १९९३ च्या व्हीसीडीत चित्र आणि ध्वनी वेगवेगळे दाबून (म्हणजे फाइलचा आकार कमी करून), लहान तुकडे करून आळीपाळीने रचलेले असतात. एमपी४ काय किंवा २००२ मध्ये सुरू झालेलं मात्रोस्का (एमकेव्ही) काय, व्हिडिओ फाइलचे हे दोन्ही प्रकार म्हणजे नुसते डबे. आतला आवाज आपापल्या कप्प्यात असतो. म्हणून तो न उलगडताही जसाच्या तसा बाहेर काढता येतो.

हे काम करणारं एक साधन म्हणजे फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा मोफत प्रोग्राम. त्याला द्यायच्या आज्ञेत 'व्हीएन' म्हणजे चित्र वगळ आणि 'कॉपी' म्हणजे आवाजाला हात न लावता उचल. २०११ मध्ये तो बनवणाऱ्यांपैकी काही जण वेगळे झाले, त्यातून लिबएव्ही हा त्याचाच वेगळा फाटा निघाला आणि डेबियन, उबुंटू या लिनक्स प्रणालींवर काही वर्षं तोच मिळत होता. त्या काळच्या सूचनांत एफएफएमपेगऐवजी 'एव्हीकॉन्व्ह' ही लिबएव्हीची आज्ञा दिसते ती यामुळे.

तरीही बहुतेक जण काढलेला आवाज लगेच एमपी३ करतात. ही सवय पेनड्राइव्ह आणि गाडीतल्या प्लेयरच्या दिवसांतली. व्हीसीडीतला आवाज एमपी२ असतो, हल्लीच्या मोबाइल व्हिडिओत बहुधा एएसी. आवाजाचे हे दोन्ही प्रकार आधीच दाबलेले. पुन्हा एमपी३ केलं की आणखी तपशील जातो आणि गेलेला परत येत नाही. भाषणात हे फारसं जाणवणार नाही; कीर्तनात मात्र पहिला फटका टाळ-चिपळ्यांच्या तीक्ष्ण नादाला बसतो. हे माझ्या मनाला फार लागतं, कारण अशा कित्येक कीर्तनांची दुसरी प्रत कुठेच नसते. मूळ आवाज 'कॉपी'नेच काढून ठेवावा, गाडीसाठी हवं तर त्यावरून एमपी३ करावी. आणि व्हीसीडीवर बुरशी चढण्याआधी तिच्यातली 'डॅट' फाइल, म्हणजे चित्र-आवाज असलेली मूळ फाइल, संगणकावर उतरवून घ्यावी.